नुसती शपथ नको, बाजू घ्या



व्यसनमुक्तीवाले गावात येतात, पोस्टर लावतात, शपथ देतात अन् संध्याकाळच्या गाडीनं निघून जातात. दारू वाईट हे आमच्या बायांना पोस्टरवर वाचायची गरज नाही. मार त्याच खातात.

आमचा सवाल वेगळा आहे. पिणाऱ्याच्या बाजूनं बोलणार कोण? परळी तालुक्यातून दरसाल टोळ्या ऊसतोडीला जातात. उचल देताना अंगठा कोणत्या हालतीत घेतला, हे कुणी विचारत नाही. आदिवासीची जमीन खाणाऱ्यानंही हाच रस्ता धरला. आधी बाटली, मग उसनवारी, मग स्टॅम्पपेपर. जमीन महसूल संहितेचं कलम 36 अ सांगतं, कलेक्टरच्या आगाऊ मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही. शुद्धीत अंगठा दिला तरी नाही, मग नशेतल्या अंगठ्याचं काय! समुपदेशकाला हे ठाऊक पाहिजे, अन् तहसीलला माणसाच्या शेजारी उभं राहून त्यानं ते बोललं पाहिजे. तिथं "हा दारुडा आहे" म्हणून अर्ज बाजूला सारतात. दारुड्याचा हक्क संपतो असा कायदा कुठंच नाही. उलट 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मनाच्या आजाराला आजारच म्हणतो, सरकारी उपचाराचा हक्क देतो अन् त्या हक्कासाठी फुकट वकीलही.

काही साथी म्हणतात, आधी जमीन, दारूचं मागून बघू. मला हे पटत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं आपलं राज्य उभं करताना दारूचा प्रश्न मागं ठेवला नाही. त्याच गावानं 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गडचिरोली जिल्ह्यात 1993 ला दारूबंदी झाली, तीही लोकांच्या रेट्यानं. (देवापुढची मोहाची धार अन् रोजची उधारीची क्वार्टर एक नव्हे, हेही शहरी सल्लागारांना सांगावं लागतं.)

तिथं पेसाखाली ग्रामसभेला दारूवर अधिकार आहे. आपला बीड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. आपल्याकडं परवान्याच्या दुकानाला बायांच्या मतदानानं बाटली आडवी करता येते. हातभट्टीला मतदान लागत नाही, ती मुळातच बेकायदा आहे. ती चालते हप्त्यावर, अन् हप्ता घेणाऱ्याला कुणी शपथ देत नाही.

पुढच्या वेळी समुपदेशक आले की शपथेचा कागद बाजूला ठेवायला सांगा. आधी विचारा, आमच्यासंगं तहसीलला कोणत्या दिवशी येता?