युद्ध परक्याचं, भोंगा आपल्या टीव्हीत

मलकापूर (ता. शाहूवाडी) : गाझातल्या लढाईशी आपला काय संबंध, असं बाजारपेठेत कुणी म्हटलं तर नवल वाटायला नको. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा सूरही तसाच होता. गाझातल्या नरसंहाराविरोधात आझाद मैदानावर निदर्शनं करायला पोलिसांनी नकार दिला म्हणून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष कोर्टात गेला होता. याचिका फेटाळताना खंडपीठानं सुनावलं, हजारो मैलांवरचं कशाला, देशातला कचरा, पूर, सांडपाणी यावर बोला. पुढं ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, निदर्शनंही झाली. पण ही दुसरी बातमी किती जणांच्या मोबाईलवर पोचली?

कचऱ्यावर बोलायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण लांबचं युद्ध लांबच राहतं का, हे ऊसवाल्याला विचारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्याकडं पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं रशिया-बेलारूसकडून. त्या वर्षी पोटॅशचं पोतं १,७०० रुपयांच्या घरात गेलं. सूर्यफूल तेलाचं मोठं गिऱ्हाईक आपण, आणि ते यायचं मुख्यतः युक्रेनमधून. डबा कडाडला.

त्या दिवसांत संध्याकाळच्या टीव्हीवर मात्र जोर होता तो अणुबॉम्ब कधी पडणार यावर. शेवटी २३ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना लेखी समज दिली. खोटे दावे नकोत, भडक मथळे नकोत, केबल टीव्ही कायदा पाळा. सरकारनं कान धरावा इतकं ते हाताबाहेर गेलं होतं.

सुधारणा काय झाली? मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, तेव्हा काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करूनही टाकलं. तसं काही घडलंच नव्हतं. स्टुडिओत हवाई हल्ल्याचा भोंगा तर तासन् तास वाजत होता. १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाला सांगावं लागलं, की हा आवाज कार्यक्रमात वापरू नका. रोज ऐकून लोक निर्ढावले तर खरा भोंगा झाल्यावर कुणी हलणार नाही. ज्या घरातलं पोरगं सीमेवर होतं, त्या घरानं ते दिवस कसे काढले असतील?

गाझाची गोष्ट आणखी वेगळी. तिथं इस्रायल बाहेरच्या पत्रकारांना मोकळेपणानं जाऊ देत नाही. गेलेच तर सैन्याबरोबर, सैन्य दाखवेल तेवढंच. आतून बातमी देतात ते तिथलेच पत्रकार, आणि त्यांतले कितीतरी मारले गेले. म्हणून आपल्या पडद्यावर रणगाडे, नकाशे आणि निवृत्त अधिकाऱ्यांची भांडणं जास्त दिसतात. पिठाच्या रांगेतली बाई क्वचितच दिसते. युद्ध थांबवा म्हणणाऱ्याला चर्चेत बोलावलंच तर बाजू मांडायला नव्हे, देशप्रेमाची परीक्षा द्यायला.

राहिला व्हॉट्सॲप. 'आत्ताच विमान पाडलं' म्हणून फिरणारे कैक व्हिडिओ 'आर्मा ३' नावाच्या कॉम्प्युटर गेममधले असतात. लोक फसतायत म्हणून त्या गेमच्या कंपनीनं २०२२ मध्ये स्वतःहून खुलासा केला, असे व्हिडिओ ओळखायचे कसे हेही सांगितलं. खुलासा मागं राहिला. व्हिडिओ अजून फिरतायत.