ज्येष्ठमध : गोड, पण बेतानं

नोव्हायची थंडी सुरू झाली की घसे धरतात आणि डब्यातून ज्येष्ठमधाची कांडी बाहेर येते. मुलांनो, ही कांडी म्हणजे झाडाचं मूळ. चघळली की गोड लागते, पण हा गोडवा साखरेचा नव्हे. तो ग्लिसिरायझिन नावाच्या द्रव्याचा; साखरेपेक्षा ३० ते ५० पट गोड!

घशाला आराम पडतो, हे खरं. पण हेच द्रव्य रोज पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम कमी होतं. मग ब्लड प्रेशर चढतं, पाय सुजतात, हृदयाचे ठोकेही बिघडतात. इथली काळी लिकोरिस मिठाई याच मुळाची. चाळिशीनंतर ती रोज २ औंस, दोन आठवडे खाल्ली तरी हा धोका असतो, असं एफडीए सांगते.

सर्पगंधेचं मूळ याच्या उलट, प्रेशर उतरवणारं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली त्याचा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५२ साली त्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं, तेव्हा कुठे ते मोजून देता येऊ लागलं. आपल्या कांडीत मात्र द्रव्य किती, ते कोण मोजणार?

म्हणून आजी-आजोबांनो, प्रेशरची, हृदयाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमध घेऊ नका. “घरचंच आहे” म्हणून लपवूही नका. नातवंडांनो, औषधांच्या यादीत “लिकोरिस रूट” एवढं तुम्ही लिहून द्या.