त्याचा संताप, तिची कंबरदुखी



सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकावं लागतं : ‘तो वाईट नाही हो ताई, त्याला डिप्रेशन आहे.’ सासू म्हणते, दीर म्हणतो, कधी मार खाल्लेली बाई स्वतःच म्हणते. पूर्वी याच जागी दारू असायची. ती पोटात गेली की त्याचा ताबा राहत नाही, असं सांगितलं जायचं. कारण बदललं, पण तिने सोसावं ही अपेक्षा तशीच राहिली. मग हे डिप्रेशन खोटं समजायचं का? मला तसं वाटत नाही, आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे.

नैराश्य आलेली बाई ‘मला उदास वाटतं’ असं फारसं म्हणत नाही. डोकं जड, हातापायांची आग, कंबर धरते, झोप नाही, अंगावरून पांढरं जातं, असं ती सांगते. दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, हट्ट केला तर सलाईन. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत (२००५) पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. पुढच्याच वर्षी त्यांनी या मानसिक त्रासाशी निगडित गोष्टी मांडल्या : नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती, वैधव्य किंवा विभक्त होणं, घरात निर्णयाचा अधिकार नसणं, माहेर-सासरचा आधार नसणं. आपल्या केंद्रातली प्रत्येक नोंदवही हेच सांगते. बाळंतपणानंतरच्या किंवा पाळीच्या काळातल्या शारीरिक बदलांचाही वाटा असतो, पण सगळं हार्मोनवर ढकललं की घरातल्या माणसांना हायसं वाटतं, हेही खरं.

पुरुषाचं वेगळं. चिडचिड, पिणं, घरात अबोला, बाहेर भांडण, गाडी बेफाम हाकणं. रडणं बायकी ठरवलं की उरतो तो संताप, कारण पुरुषाला तेवढीच एक भावना उघड दाखवण्याची मुभा आहे. नैराश्य मोजायला जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. त्यात झोप, भूक, थकवा, मरणाचे विचार असं सगळं आहे, पण राग नाही आणि दारूही नाही. नेहमीच्या मोजमापांत बायकांमधलं नैराश्य पुरुषांच्या दीडपट ते दुप्पट भरतं. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात नेहमीच्या लक्षणांबरोबर संताप, व्यसन आणि जीव धोक्यात घालणं हेही मोजलं, तेव्हा पुरुष ३०.६ टक्के आणि बायका ३३.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. अर्थात चिडणाऱ्या बायका आणि कुढणारे पुरुष आपण सगळ्यांनीच पाहिलेत. हा कल आहे, नियम नव्हे.

आता आकडे बघा. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत १,२२,७२४ पुरुष. सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. त्याच वर्षी मेलेल्या ४८,१७२ बायकांपैकी २५,३०९ जणींच्या नावापुढे ‘गृहिणी’ असं लिहिलेलं आहे. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९०. शेतकऱ्याच्या मरणावर विधानसभेत चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. गृहिणींच्या मरणावर कोणत्या अधिवेशनात झाली?

पण माझा खरा मुद्दा डॉक्टरच्या चिठ्ठीचा आहे. नवऱ्याच्या हातात ती चिठ्ठी आली की तो बिचारा ठरतो, समझोत्याची भाषा सुरू होते, ‘आता तूच सांभाळून घे’ असं तिला सांगितलं जातं. तीच चिठ्ठी बायकोच्या हातात आली की ती वेडी ठरते. मुलं कोणाकडे राहणार याची चर्चा होते, वकील गाठला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केलं, पण हे सासरी कोण सांगणार? म्हणून बाई गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवते आणि आपण तिला ‘उपचार का घेतला नाहीस’ असं विचारतो.

तेव्हा दोन नोंदी वेगळ्या ठेवू या. मारहाणीची तक्रार पूर्ण लिहायची, तारखांसकट, आणि त्याच्या आजारामुळे तिच्यातला एक शब्दही गाळायचा नाही. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जरूर पाठवायचं, पण ती त्याची जबाबदारी आहे, तिची सेवा नव्हे. नैराश्य आलेले बहुसंख्य पुरुष बायकोवर हात उगारत नाहीत. आणि जो उगारतो, तो साहेबासमोर बरोबर आवरतो.

कंबर दुखते म्हणणाऱ्या बाईला झोपेबद्दल विचारा, आणि मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या बाईला पोलिसांची भीती घातली जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने तिला संरक्षण दिलं आहे, हे तिला सांगा. २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला मिळत नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी केलेल्या समुपदेशनाने नैराश्य कमी झाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

आपल्या गटात ‘अंग दुखतं’ म्हणत आलेल्या किती जणींकडे नंतर वेगळीच गोष्ट निघाली, आणि नवऱ्याच्या चिठ्ठीमुळे किती तक्रारी मागे घेतल्या गेल्या, एवढं मागच्या वर्षाच्या वह्या चाळून कळवा. नावं नकोत.