ऊसतोडीचा करार खरेच राजीखुशीचा आहे का?

दसऱ्याला आपली माणसे दीक्षाभूमीला निघतात, त्याच दिवसांत केज, धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या बांधण्याची घाई असते. उचल बऱ्याच घरांनी आधीच घेऊन खर्चलेली असते. या व्यवहाराबद्दल शिकलेले मित्र आम्हाला सांगतात, मुकादमाने कोणावर बळजबरी केली नाही, दोन सज्ञान माणसांचा हा करार आहे, सरकारने आणि संघटनांनी मध्ये पडू नये.

हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या आजा-पणजांचे काम वतनाने, म्हणजे जन्माने ठरत होते, त्यांच्यासाठी स्वतःच्या मर्जीने करार करता येणे ही लहान गोष्ट नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच जाचातून माणूस सोडवण्यासाठी. व्यक्तीचे स्वातंत्र्य आम्हाला हवेच आहे. म्हणून तर विचारतो, या करारात व्यक्ती आहे कुठे?

ऊसतोडीत मोजणी कोयत्याची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, पैसे नवऱ्याच्या हातात जातात, सही किंवा अंगठाही बहुधा त्याचाच. पहाटेपासून फडात मोळ्या बांधून डोक्यावरून गाडी भरणाऱ्या बाईला तू राजी आहेस का, हे कोणी विचारलेले नसते. खाडा पडला की कपात मात्र दोघांच्या कमाईतून. पाळी, बाळंतपण, ताप, सगळे खाड्यातच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. (संमतीचे कागद तिथेही असतीलच.)

दुसरा प्रश्न सोडून जाता येण्याचा. जॉन स्टुअर्ट मिल हा व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा कैवारी, पण १८५९ च्या ग्रंथात त्यानेही स्वतःला गुलामीत विकण्याची मुभा मान्य केली नाही. आमच्याकडे उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि माणूस पुन्हा त्याच मुकादमाकडे. मध्येच निघाला तर डांबून ठेवल्याच्या तक्रारी येतात. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर पोटासाठी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागणे हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीच मानली.

काही मजूर दोघा मुकादमांकडून उचल घेऊन पसार होतात, हेही खरे. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदाराच्या पैशांत अडकलेला मुकादम मग स्वतः बुडतो. पण कारखान्याने मजुराशी थेट करार केला असता तर हा मधला माणूस लागलाच नसता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढला तो संघटना साखर संघासमोर बसल्या म्हणून. संघटना बांधणे हाही राजीखुशीचाच व्यवहार, तो मित्रांच्या हिशेबात का येत नाही?

टोळी निघण्याआधी आपल्या वस्तीतले कागद वाचून पाहा. बाईचे नाव वेगळे लिहून घ्या, तिचा वाटा तिच्या खात्यात मागा, बाकीचा आकडा मुकादमाच्या सहीने घ्या. ट्रक हलल्यावर यातले काहीच होत नाही.