नावे बदलली आहेत

सत्य घटनेवर आधारलेली गुन्हेगारी मालिका सुरू होण्याआधी पडद्यावर एक निवेदन येते. घटना खरी आहे, पात्रांची व ठिकाणांची नावे बदलली आहेत, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, वगैरे. बहुतेक प्रेक्षक तेवढ्या वेळात पाण्याचा तांब्या भरून आणतात. आम्ही मात्र ते निवेदन लक्ष देऊन वाचतो. नावे बदलली हे ठीक, पण बदलून कोणती ठेवली? पुढचा तासभर आमच्या डोक्यात हाच प्रश्न घोळत असतो. इतरांच्या घरी ‘खुनी कोण’ याची पैज लागते. आमच्या घरी मनातल्या मनात दुआ मागितली जाते, या अल्लाह, आपल्यातला कुणी नको. खुनी दुसऱ्या नावाचा निघाला की अम्मी सुस्कारा सोडते आणि जेवणाची पाने घ्यायला उठते. ही करमणूक आहे की परीक्षा, हे एकदा ठरवायला हवे.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. मराठी बोलणारे, मराठी वाचणारे, कोल्हापूरसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मुसलमान प्रेक्षक. या मालिकांचे आम्ही शत्रू नाही, उलट आशिक आहोत. १९८५ साली दूरदर्शनवर गाजर खाणारा ‘करमचंद’ आला, १९९३ मध्ये बासू चटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’ आला, १९९४ मध्ये विजय आनंद यांची ‘तहकिकात’ आली. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते शेजारच्या घरी दाराशी बसून पाहत होते आणि शेजारी कोणत्या जातीधर्माचा आहे, हे तेव्हा कुणी विचारत नव्हते. मग जानेवारी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ आली. बी. पी. सिंग यांनी त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती आणि शिवाजी साटम तेव्हापासून आमच्या ओळखीचे. ऑक्टोबर २०१८ पर्यंत ‘सीआयडी’चे दीड हजारांहून अधिक भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा आमच्या पोरांइतकेच आम्हीही खूश होतो. टीव्ही फोडा, रिमोट हराम आहे, असे सांगणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण जुने आहे, त्यावर इथे जागा घालवत नाही.

रहस्यकथेशी आमचे नाते तर टीव्हीच्याही आधीचे आहे. मराठी शाळेत शिकलेल्यांनी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचले. ज्यांच्या घरी उर्दू होती त्यांनी इब्ने सफी वाचले. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ निघाली. तिचे नायक कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. इमानी, बुद्धिमान, कायद्याला मानणारे. हीच मालिका हिंदीत गेली तेव्हा काय झाले? फरीदीचा विनोद झाला. पुढे इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला, कारण तो मदतनीस होता. प्रकाशकाने धंद्याचा हिशेब केला असेल, त्याला आम्ही दोष देत नाही. पण पाहा, अक्कल चालवणाऱ्याचे नाव बदलल्याशिवाय तो सर्वांचा होत नव्हता, आणि त्याच्या मागे पळणाऱ्याचे नाव बदलायची कुणाला गरज वाटली नाही. सत्तर वर्षांनी यात किती फरक पडला? ‘सीआयडी’त वीस वर्षे टिकलेले मुख्य चेहरे घ्या. प्रद्युम्न, अभिजित, दया, फ्रेडरिक्स, साळुंखे. यांत एक ख्रिस्ती होता, तोही हसवायला. ते काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले तेव्हा आम्हालाही वाईट वाटले. पण दार तोडणाऱ्या, सुगावा शोधणाऱ्या, भिंग घेऊन वाकणाऱ्या त्या पाच जणांत आमचा कुणी नव्हता. आम्ही दाराच्या पलीकडे भेटत होतो.

आता नावाच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यावर आम्हाला उलट सवाल केला जातो. वसईची एक तरुणी मे २०२२ मध्ये दिल्लीत मारली गेली, तिच्या शरीराचे तुकडे केले गेले आणि नोव्हेंबरात ते उघडकीस आले. आरोपी मुसलमान नावाचा आहे. गुन्हा इतका अमानुष की त्याबद्दल ‘पण’ हा शब्द उच्चारायचाही हक्क कुणाला नाही, आम्हाला तर नाहीच. महिनाभराने ‘क्राइम पेट्रोल’ने त्याच्याशी मिळताजुळता भाग दाखवला. त्यात नवरा हिंदू नावाचा होता, बायको ख्रिस्ती नावाची. गदारोळ झाला, बहिष्काराची हाक आली आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीस वाहिनीने भाग काढून टाकून दिलगिरी व्यक्त केली. कथा काल्पनिक आहे, २०११ च्या घटनांवर बेतलेली आहे, असा तिचा खुलासा होता. दुसरे उदाहरण ऑगस्ट २०२४ चे. कंदाहार विमान अपहरणावर ‘आयसी ८१४’ ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. अपहरणकर्ते एकमेकांना भोला, शंकर, बर्गर, डॉक्टर, चीफ अशा टोपणनावांनी हाका मारत होते, हे सरकारनेच जानेवारी २००० मध्ये जाहीर केले होते. मालिकेने तेच दाखवले. तरी तक्रार आली की मुसलमान नावे लपवली. शेवटी सुरुवातीच्या निवेदनात खरी नावे घालावी लागली.

म्हणजे नाव बदलले तरी माफी, न बदलले तरी खुलासा. आम्हाला विचारले जाते, गुन्हेगाराचे खरे नाव दाखवा एवढेच तर मागितले, त्यात चूक काय? चूक काहीच नाही. आम्ही तर म्हणतो दाखवाच. पण मग निवेदनाची ती पाटी सरसकट काढून टाका. प्रत्येक भागात, प्रत्येक गुन्ह्यात, प्रत्येक आरोपीचे नाव, गाव, जात, धर्म दाखवा. तसे कुणीच मागत नाही. फक्त एका प्रकारचे नाव लपले की लोक चिडतात. याचा अर्थ त्यांना नावात गुन्हेगार दिसत नाही, समाज दिसतो.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. कोल्हापूरचेच पाहू. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचे प्रकरण १९९६ च्या नोव्हेंबरात उघडकीस आले. लहान लेकरे पळवायची, त्यांना पुढे करून चोऱ्या करायच्या आणि नकोशी झाली की मारून टाकायचे. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरील विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्या काळात आमच्या आयाही आम्हाला गर्दीत हात सोडू देत नव्हत्या. पण त्या तिघींच्या आडनावाच्या माणसाला खोली भाड्याने द्यायची नाही, असे कोल्हापुरात कुणाच्या डोक्यात आले नाही. येऊही नये. वाईचा तो बोगस डॉक्टर २०१६ मध्ये पकडला गेला, त्या प्रकरणाच्या धर्तीवर झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० पासून ‘देवमाणूस’ सुरू झाली. महाराष्ट्रभर पाहिली गेली. किरण गायकवाडांनी तो अजितकुमार देव असा रंगवला की अंगावर काटा यावा. दुसऱ्या दिवशी कुणी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे त्याच्या जातीमुळे संशयाने पाहिले नाही. माणूस नासला, एवढेच लोकांनी पाहिले. आमच्या नावाच्या खुन्याला हीच सवलत द्या. त्याला संत करू नका, त्याच्या गळ्यात ताईत आणि डोळ्यांत सुरमा घालून मागे कव्वालीही वाजवू नका. त्याला नुसता नासलेला माणूस राहू द्या.

कॉम्रेड गोविंद पानसरे यांना १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घातल्या, चार दिवसांनी ते गेले. ‘शिवाजी कोण होता?’ लिहून त्यांनी आमच्यासारख्यांचा मान किती राखला, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. एवढे गूढ, एवढे धागे, दाभोलकर आणि कलबुर्गी यांच्या खुनांशी जोडलेले. कोणत्या मालिकेला त्यावर तपासाचा एक तास करावासा वाटला? आमच्या तरी पाहण्यात नाही. आणि त्या आरोपींच्या नावांवरून आम्ही आमच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवत नाही. उद्या मालिका निघाली तरी दाखवणार नाही.

नावाइतकीच, किंबहुना जास्त, आम्हाला खटकणारी गोष्ट म्हणजे या मालिकांचा शेवट. शेवटी काय होते? साहेब एक कानफटात ठेवून देतात, आरोपी मान खाली घालतो आणि मग सगळी हकीकत घडाघडा सांगतो, ती आपल्याला मागच्या दृश्यांत दिसते. साहेब फाशीचे भविष्य वर्तवतात. प्रकरण संपले. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. इंग्रजालासुद्धा ठाऊक होते की कोठडीत माणूस काय काय कबूल करतो. म्हणजे मालिका जिथे संपते तिथे न्यायालयात अजून काहीच सिद्ध झालेले नसते. नार्को चाचणी पडद्यावर भाजी घ्यायला जावे इतकी सोपी असते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजीच सांगितले आहे की संमतीशिवाय ती करता येत नाही.

पण मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षकापुढची कबुली चालते. आणि त्या फटीतून काय आत आले? ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे मेली. बारा जणांना २०१५ मध्ये दोषी ठरवले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाबांवर न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. त्यांतला मजकूर एकमेकांशी जुळत होता आणि छळाच्या तक्रारी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. बारांपैकी एक जण सुटायला उरलाच नव्हता. तो २०२१ मध्ये तुरुंगातच कोरोनाने वारला. मालेगावच्या बड्या कब्रस्तानाजवळ ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान, पकडलेलेही मुसलमान. दहा वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. आणि लोकलमध्ये मेलेल्यांचे काय? त्यांच्या बायकामुलांना एकोणीस वर्षे सांगितले गेले की गूढ उकलले आहे. निकालानंतर कळले की ते उकललेलेच नव्हते. खोट्या कबुलीने आरोपीचे घर उद्ध्वस्त होते आणि फिर्यादीचीही फसवणूक होते, हे एखाद्या मालिकेने दाखवले असते तर आम्ही तिची पारायणे केली असती.

इथे आम्हाला आमच्या लोकांवरही राग काढायचा आहे. ज्या मोहल्ल्यातल्या पोराला रात्री उचलून नेल्यावर आपण ठाण्याबाहेर रडत बसतो, त्याच मोहल्ल्यात पडद्यावरच्या कानफटीत आपण टाळ्या वाजवतो. थर्ड डिग्री दुसऱ्याला मिळाली की ती शूर, आपल्याला मिळाली की जुलूम? आणि ‘क्राइम पेट्रोल’चा सगळ्यात मोठा उपयोग आमच्या घरांत कशासाठी होतो, तर मुलीचे कॉलेज बंद करायला. काल दाखवले ना, मोबाइलवर बोलायची, क्लासला जायची, मग काय झाले! निवेदक अखेरीस सावध राहा म्हणतो, बाप त्याचा अर्थ दाराला कडी घाला असा घेतो. शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या शहरात मुसलमान पोरांच्या शिक्षणासाठी बोर्डिंग उभे केले, त्या शहरातल्या मुलीचे शिक्षण २०२० नंतर एका मालिकेच्या भागावरून थांबावे? आमच्या डोळ्यांसमोर थांबले आहे, एकीचे नाही. याचा दोष वाहिनीवर टाकून मोकळे होता येणार नाही.

मग हवे काय? सेवाभावी रहीमचाचा नको, तो आम्ही सिनेमात पुरेसा पाहिला. देशासाठी छातीवर गोळी घेणारा, मरताना मित्राच्या मांडीवर डोके ठेवणारा मुसलमान इन्स्पेक्टरही नको. प्रत्येक वेळी मरूनच प्रामाणिकपणा का सिद्ध करायचा? आम्हाला पंचनाम्यावर सही करणारा पंच हवा आहे. शवविच्छेदन करणारी डॉक्टर, कंटाळलेला सरकारी वकील, आपले काम नीट करणारा आणि संध्याकाळी घरी जाणारा हवालदार हवा आहे. संशयित म्हणून बोलावलेला आणि दहा मिनिटांत निर्दोष ठरून सहज घरी गेलेला माणूस तर हवाच हवा.

ते कोण लिहिणार? मुंबईतल्या लेखकाला बाबूजमालचा दर्गा कुठे आणि त्याच्या दारावर गणपती का, हे माहीत असण्याची आम्ही अपेक्षा करत नाही. पण आपल्याला तर माहीत आहे. आपल्या वार्षिकांत कविता भरपूर, फाळणीच्या कथा भरपूर, तलाकवरचे लेख दर साली. रहस्यकथा एकही नाही. इब्ने सफीचा वारसा सांगणाऱ्यांनी ती हलकी का मानली? आपल्या तरुण लेखकांनी चार दिवस कसबा बावड्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसावे, तारखा पडताना पाहाव्यात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही सीपीआरसमोर आले आहे, तिथेही जावे. आणि पुढच्या वर्षीच्या अंकासाठी एक कथा लिहावी. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर खून झालेला असावा. तपासाला बाई फौजदार, आडनाव मुल्लाणी, बागवान, काहीही. ती रोजा धरते की नाही ते वाचकाला सांगू नये. खुनी कथेच्या गरजेप्रमाणे कुणीही निघू द्या, अगदी मुजावर निघाला तरी आमची हरकत नाही. फक्त त्याला कानफटीत मारून बोलता करू नका. मुद्देमाल, साक्षीदार, फोनच्या नोंदी असे तिला एकेक गोळा करू द्या, मग पिंजऱ्यासमोर उभे राहून उलटतपासणीला तोंड देऊ द्या, आणि ती उलटतपासणी पूर्ण लिहा.