शहराचा वाटा

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. ती होडीनं ओलांडावी लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. खाडीवर रस्ता बांधायचा खर्च उचलायला कंपनी सरकार राजी नव्हतं. अखेर सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाईंनी स्वतःच्या पैशातून १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे लोकांसाठी खुला झाला. पैसे देताना बाईंनी एक अट घातली होती. या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

त्या अटीबद्दल मला बाईंचा फार आदर वाटतो. पैसे देऊन त्यांनी रस्त्यावर स्वतःचा हक्क ठेवला नाही आणि सरकारलाही वसुली करू दिली नाही.

अतिश्रीमंत माणसं समाजाचं काही देणं लागतात का, असा वाद निघाला की आपल्याकडे अशीच नावं पुढे येतात. जे. जे. रुग्णालय, राजाबाई टॉवर, ससून. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी गरिबांचे जीव या देणग्यांनी वाचवले, कितीतरी मुलं शिकली. हे ऋण मानायलाच हवं. पण जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातली होती आणि त्या व्यापारात कापसाबरोबर माळव्याची अफू होती. ज्या चिनी घरांची त्या अफूनं राखरांगोळी केली, त्यांच्यासाठी कॉजवेही झाला नाही आणि इस्पितळही. देणारा आपल्या मनानं कुणाला द्यायचं ते ठरवतो. ज्यांचं खरोखर देणं असतं त्यांचा नंबर त्यात लागेलच असं नाही. म्हणून हा प्रश्न कुणाच्या औदार्यावर सोपवायला माझी तयारी नाही.

माझं उत्तर सरळ आहे. देणं लागतात, आणि ते किती हे ठरवता येतं. आपल्याच शहरानं एकदा ते ठरवलं होतं, कायद्याच्या भाषेत लिहूनही ठेवलं होतं.

१८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईच्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी असं अख्खं गिरणगाव उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपली, बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभी राहिली, खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवली, कापसाची धूळ छातीत भरून गावी परतली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन उरली.

या जमिनीचा भाव कुणी वाढवला? गिरणीला कुलूप होतं, भोंगा बंद होता, आत साचे गंजत होते, तरी भाव चढतच होता. जमिनीच्या दोन्ही अंगांना लोकल धावत होती, ती सरकारी पैशानं. पाणी येत होतं ते तानसा-वैतरण्याचं, शहापूर तालुक्यातल्या धरणांचं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात आजही टँकरची वाट बघतात. रस्ते, उड्डाणपूल, पोलीस, कामाला येणारी लाखो माणसं, सगळं शहराचं. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं आपल्या एका गिरणीची सुमारे साडेसतरा एकर जागा ७०२ कोटींना विकली. कापड विणून एवढा पैसा तिथं कधी मिळाला नसता. हा पैसा मातीचाही नव्हता, त्या मातीभोवती वसलेल्या मुंबईचा होता.

हे ओळखूनच १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तिचे तीन वाटे करा. एक महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. उरलेला मालकाचा. तो त्यानं हव्या त्या भावानं विकावा. श्रीमंतांच्या देण्याबद्दल इतका समंजस नियम मी दुसरा पाहिलेला नाही. त्यात मालकाला कुणी चोर ठरवलेलं नाही, त्याच्याकडून उपकाराचीही अपेक्षा नाही. जे सगळ्यांनी मिळून घडवलं त्याची वाटणी, एवढाच त्याचा अर्थ. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं तर सगळ्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा, असं सुचवलं होतं. ते कागदावर राहिलं.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असं ठरलं. ज्यानं जुनी गिरणी पाहिली आहे त्याला यातली मेख लगेच कळेल. साचेखातं, गोदामं, बॉयलर, शेडला लागून शेड. आवारात मोकळं असतं तरी किती? शेड पाडल्यावर जी जमीन रिकामी होणार होती तीच नेमकी वाटणीतून निसटली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये हा बदल अमान्य केला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. न्यायाच्या दृष्टीनं संपला असं मी मानत नाही.

पुढचं सगळ्यांना दिसतं आहे. मैदानं आणि बागांची जागा काचेच्या कचेऱ्यांनी आणि मॉलनी घेतली. कचेऱ्यांत कामाला येणाऱ्यांसाठी रेल्वेचे पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं मेली. जमिनीचा नफा मोजक्यांच्या खिशात गेला आणि गर्दी सगळ्यांच्या वाट्याला आली. २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज लाखाहून जास्त होते. नंतरच्या एका सोडतीतली घरं पनवेलजवळ कोनला होती. परळमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याच्या वाट्याची जागा खाडीपलीकडे दाखवली गेली.

श्रीमंत रोजगार देतात, कर भरतात, आणखी काय हवं, असं विचारणारे माझे मित्र आहेत. रोजगाराचा मोबदला त्यांना नफ्यातून मिळतो. कराचं म्हणाल तर मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा कर आपण १९८५ मध्येच रद्द केला. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. त्यातून जेमतेम हजार कोटी मिळतात आणि वसुलीचा खटाटोप फार, असं कारण दिलं गेलं. हजारच कोटी मिळत होते, कारण शेअरसारखी मोठी संपत्ती त्यातून आधीच वगळलेली होती. चाळणीत पाणी उरत नाही म्हणून विहिरीला दोष देण्यातला हा प्रकार. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, ते चांगलंच आहे. पण ते कंपनीचं बंधन आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणाऱ्या घराण्याच्या संपत्तीला ते हात लावत नाही.

सरकारच्या हाती दिलेला पैसा खाल्ला जातो, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच मला ते तीन वाटे पटतात. पैसा तिजोरीत गेला की त्याचा माग सामान्य माणसाला लागत नाही. मैदान डोळ्यांसमोर असतं. ते कुणी गिळलं तर पोरांनाही कळतं आणि माणसं त्यासाठी रस्त्यावर उतरतात.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, भाऊच्या धक्क्यापासून वडाळ्यापर्यंत, बंदराची मोठी जमीन आहे आणि तिच्या विकासाचे आराखडे मांडले जात आहेत. तिच्यात शहराचा वाटा किती, हे पहिली निविदा निघण्याआधी कायद्यात लिहिलं जावं. पुढे कुणाला तो कमी करावासा वाटलाच, तर त्यानं खात्याच्या अधिसूचनेआड लपू नये. सभागृहात उभं राहून, लोकांसमोर, नावानिशी मत द्यावं.