राहतं घर हा बाजारातला माल नाही

दोन वर्षांपूर्वी मामूंच्या घरी नगरपालिकेची नोटीस आली. चतुर्थ वार्षिक कर आकारणी झाली होती. तीन खोल्या, वर पत्रे, मागे मोरी. गेल्या वीस वर्षांत त्या घराला नवी वीट लागलेली नाही. तरी घरपट्टी जवळजवळ दुप्पट झाली होती. हरकतीच्या सुनावणीला मी सोबत गेलो. साहेब म्हणाले, “चाचा, समोर चौपदरी रस्ता झालाय. तुमच्या भागात आता भाडी वाढली आहेत.” मामू म्हणाले, “साहेब, आम्ही घर भाड्यानं दिलेलंच नाही. आम्हीच राहतो. मग हे वाढलेलं भाडं आम्ही घ्यायचं कुणाकडून?”

साहेबांकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते ते कायद्याकडेही नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत घरपट्टी ठरते ती घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल, या अंदाजावर. मुंबईत २०१० पासून ती भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या दराला धरून ठरते. पद्धती दोन, पण चूक एकच. जो माणूस घर विकत नाही आणि भाड्यानंही देत नाही, त्याच्याकडून कधीच हाती न आलेल्या पैशांवर कर मागितला जातो. पगार वाढला तर आयकर वाढतो, हे समजू शकतं. शेजारी मॉल झाला म्हणून निवृत्त माणसाची पट्टी का वाढावी?

आपल्याकडे जकातीचा हिशेब करताना राहतं घर धरत नाहीत. अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं, डोक्यावरचं छप्पर या मूळ गरजा आहेत, श्रीमंती नव्हे. व्यापारासाठी घेतलेली जागा मात्र हिशेबात येते. नगरपालिकेनं जकातीचे नियम लावावेत असं मी म्हणत नाही. पाणी, गटार, दिवाबत्ती फुकट होत नाही, त्याचा वाटा प्रत्येकानं दिला पाहिजे. पण गरज आणि गुंतवणूक यांतला फरक कळायला कुठल्या धर्माची अट नाही.

हा फरक पुण्याला फार पूर्वी कळला होता. तिथं १९७० पासून मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती थांबवली. लोकांच्या हातात वाढीव बिलं पडली, ओरड झाली आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. पण अनेकांच्या वाट्याला तिच्यासोबत पीटी-३ नावाचा अर्ज आणि स्वतःच्याच घरात राहत असल्याचे पुरावेही आले. आता आपल्या मोहल्ल्यांतली घरं आठवा. उतारा दादाजानच्या नावावर, वारस सात, त्यातले दोन आखाती देशात. त्या घरात राहणाऱ्या विधवा सुनेनं ‘मालक स्वतः राहतो’ हे सिद्ध कसं करायचं?

मुंबईनं दुसरा रस्ता धरला. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण ही माफी फूट मोजते, राहणारा मोजत नाही. ४८० फुटांचे चार फ्लॅट भाड्यानं देणारा सुटतो आणि ५२० फुटांत तीन पिढ्या राहणारं कुटुंब पूर्ण बिल भरतं.

याच मुंबईत मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल, ते धरून आज कर लावण्याचे नियम होते. उच्च न्यायालयानं ते २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. कर आज जे आहे त्यावर, उद्याच्या शक्यतेवर नाही. मामू तरी वेगळं काय म्हणत होते?

मूल्यवाढीवर मर्यादा घातली की पालिका बुडेल, असं सांगितलं जातं. ही भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी केली. म्हाताऱ्यांची घरं वाचली. पण तीच मर्यादा कंपन्यांच्या इमारतींनाही मिळाली. नव्यानं घर घेणाऱ्या एका बाईला शेजाऱ्यांच्या पाचपट कर पडला. ती न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये हरली. व्यापारी मालमत्ता वेगळी काढण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये मतदारांनी फेटाळला. एकदा दिलेली सूट परत घेणं इतकं अवघड असतं. म्हणून ती पहिल्या दिवशीच नीट आखावी लागते.

माझं मागणं साधं आहे. एका कुटुंबाचं एकच राहतं घर धरा. त्याचं करमूल्य महागाईपेक्षा जास्त वेगानं वाढणार नाही, असं राज्याच्या कायद्यात लिहा. घर भाड्यानं दिलं किंवा विकलं की मर्यादा संपली. वारसानं मिळालेल्या घरात जो राहतो त्याला ती मिळावी, नाव कुणाचंही असो. तूट भरायची असेल तर दुकानं, गोदामं, बंद ठेवलेले फ्लॅट आणि मोठे थकबाकीदार आहेतच. निवडणुकीच्या तोंडावर मिळणारी माफी नको. पुढच्या सरकारला ती काढून घेता येते, हे पुण्यानं पाहिलंय.

मामूंची हरकत फेटाळली गेली. पट्टी थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणून त्यांनी उसने घेऊन भरली. पावती देताना कारकून म्हणाला, “एवढ्या किमतीचं घर आहे, विकून टाका की!” मामू काही बोलले नाहीत. त्या घराला अजून कुणी गिऱ्हाईक आलेलं नाही, कारण ते कधी विकायला काढलेलंच नाही.